प्राणवायूची दुसरी बाजू आणि कंपवात

पिकलेल्या केळ्याची साल सोलून उघड्यावर राहिली कीं ती काळसर पडूं लागते. चिरलेलें वांगें पाण्यांत टाकून ठेवण्याचा परिपाठ प्रत्येक स्वयंपाकघरांत आहे, तोहि याच कारणानें. हवेशीं संबंध आला कीं फोडी काळवंडतात. गोडें तेल फार दिवस राहिलें तर त्यास खवट वास येतो, आणि पावसाळ्यांत कोनाड्यांत विसरलेल्या विळ्यावर तांबेरा चढतो. या चारी गोष्टींच्या मुळाशीं एकच क्रिया आहे. हवेंतील प्राणवायु त्या त्या पदार्थावर आपला अंमल बसवितो व त्याचें मूळचें रूप पालटतो. रसायनशास्त्रांत या क्रियेस ऑक्सिडेशन म्हणतात; मराठींत तिला प्राणिदीकरण म्हणावयास हरकत नाहीं.

केळ्याच्या सालींत जे पदार्थ अशा रीतीनें काळे पडतात, त्यांत डोपामिन नांवाचा पदार्थ प्रमुख आहे. हेंच डोपामिन मनुष्याच्या मेंदूंतहि तयार होतें. आणि उठणें, चालणें, घांस तोंडापर्यंत नेणें, कागदावर सही करणें, या सर्व हालचाली सुरळीत होण्यास तें अवश्य असतें. (केळीं खाऊन मेंदूंतील डोपामिन वाढवितां येईल असा तर्क मात्र कोणी करूं नये. रक्तांतून मेंदूंत शिरण्याच्या वाटेवर निसर्गानें जो पहारा बसविला आहे, त्यांतून डोपामिन पार होऊं शकत नाहीं.) मेंदूच्या मध्यभागीं खालच्या अंगास दोन्ही बाजूंना एकेक काळसर पट्टा असतो, त्यास कृष्णद्रव्य म्हणतात. तेथील पेशींचा काळेपणा हा त्यांतल्या डोपामिनवर वर्षानुवर्षें चाललेल्या प्राणवायूच्या क्रियेचाच परिणाम होय. उतारवयांत ज्यांचे हात कांपूं लागतात व पाय जमिनीस खिळल्यासारखे होतात, त्यांच्या मेंदूंतील हा पट्टा फिका पडलेला आढळतो, कारण तेथल्या पेशी मरून गेलेल्या असतात. ही गोष्ट पॅरिस येथें ट्रेटियाकॉफ यानें १९१९ मध्यें दाखवून दिली. रोगास आपल्याकडे कंपवात म्हणतात. पाश्चात्य वैद्यकांत तो पार्किन्सनचा रोग म्हणून प्रसिद्ध आहे. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ मध्यें एका छोट्या निबंधांत त्याचें वर्णन केलें. त्यांचा आधार अवघ्या सहा रोग्यांचा होता आणि त्यांपैकीं कांहीं तर त्यांस रस्त्यांत दिसलेले होते. तरी पण तें वर्णन इतकें नेमकें आहे कीं दोनशें वर्षांनंतरहि त्यांत बदलण्यासारखें फारसें आढळत नाहीं.

या रोगाची चाहूल घरच्या मंडळींस पुष्कळदां उशिरा लागते. वडील मंडळी हळू चालूं लागलीं, शर्टाच्या गुंड्या लावतांना खोळंबूं लागलीं, अक्षर बारीक होत होत पंक्तीच्या अखेरीस मुंगीएवढें झालें, तर "वय झालें" एवढें म्हणून सर्वांचें समाधान होतें. चालतांना एक हात झुलत नाहीं, चेहऱ्यावरचे भाव मावळतात, आवाज खालीं जातो. हात मांडीवर स्वस्थ असतांना कांपतो आणि भांडें उचलण्यास पुढें केला कीं कंप कमी होतो, ही खूण विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. फोडणीचा वास न येणें व जुनाट बद्धकोष्ठ हीं लक्षणें तर कित्येकांस कंप सुरू होण्याच्या अनेक वर्षें आधींच असतात. रोग डॉक्टरच्या ध्यानीं येतो त्या वेळीं कृष्णद्रव्यांतील त्या पेशींपैकीं निम्म्याच्या आसपास नाहींशा झालेल्या असतात.

मुंबईच्या पारशी वसाहतींतून घरोघर जाऊन केलेली एक पाहणी १९८८ मध्यें प्रसिद्ध झाली. सुमारें चौदा हजार माणसें तींत मोजलीं गेलीं, आणि कंपवाताचें प्रमाण दर लाखीं ३२८ इतकें निघालें. त्या काळीं जगांत इतरत्र आढळलेल्या आंकड्यांशीं ताडून पाहतां हें प्रमाण बरेंच अधिक होतें. त्याचें एक उघड कारण असें कीं त्या समाजांत वृद्धांची संख्या मोठी. आयुर्मर्यादा वाढली कीं हा रोग वाढतो. आणि आतां ती सर्वच घरांत वाढली असल्यामुळें हा प्रश्न कोणा एका समाजाचा राहिलेला नाहीं.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, या पेशी मरतात कां? आणि ज्या प्राणवायूवांचून मनुष्य कांहीं मिनिटांपलीकडे जगूं शकत नाहीं, त्याच्यावरच हा संशय कसा आला?

संशय तसा जुना आहे. प्राणवायूचा शोध लावणाऱ्यांपैकीं एक जोसेफ प्रीस्टले. मेणबत्ती शुद्ध प्राणवायूंत झपाट्यानें जळून जाते हें पाहून, तशा हवेंत प्राण्याचें आयुष्यहि लवकर जळून जाईल कीं काय, अशी शंका त्यानें १७७५ मध्येंच लिहून ठेवली. पुढें १८९४ मध्यें केंब्रिजच्या फेंटन यानें एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली. चिंचेंत जें टार्टरिक आम्ल असतें, त्यांत हायड्रोजन पेरॉक्साइड घातलें असतां विशेष कांहीं घडत नाहीं. परंतु लोहाच्या क्षाराचा लवलेश त्यांत पडला कीं आम्लाचें प्राणिदीकरण जोरानें सुरू होतें. त्या लोहाचा आणि पेरॉक्साइडचा संयोग मेंदूच्या रोगांत कधीं आठवावा लागेल, हें त्यास स्वप्नांतहि आलें नसेल. नंतर १९५४ मध्यें अमेरिकेंतील रॉचेस्टर येथें काम करणाऱ्या रेबेका गर्शमन या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, क्ष-किरणांनीं होणारी इजा व अति प्राणवायूनें होणारी विषबाधा यांची जात एकच आहे. दोहोंतहि मुक्त मूलक नांवाचे उनाड कण उत्पन्न होतात. मुक्त मूलक म्हणजे ज्याचा एक विद्युत्कण बिनजोडीचा राहिला आहे असा अणु किंवा रेणु. तो जोडी जमविण्यासाठीं शेजारच्या रेणूचा विद्युत्कण हिसकावतो. मग तो शेजारी उघडा पडतो व पुढच्यावर हात टाकतो. आणि अशी लूट एकापासून दुसऱ्याकडे चालू राहते. दोनच वर्षांनीं, १९५६ मध्यें, डेनम हार्मन यानें वार्धक्याचें मूळ याच क्रियेंत आहे असा सिद्धान्त मांडला. तेव्हां तो बहुतेकांस कल्पनातरंगच वाटला. शरीरांत असे कण खरोखर असतात याचाच पुरावा नव्हता.

तो पुरावा आला एका आडवाटेनें. १९३८ मध्यें मान व केलिन या शास्त्रज्ञांनीं गुरांच्या रक्तांतून तांबें असलेलें एक निळसर प्रथिन वेगळें काढलें होतें. त्याचें कार्य काय, हें कोणासच उमगेना; तांबें साठवून ठेवण्याची तिजोरी असावी, एवढ्यावर तीस वर्षें निभावलें. १९६९ मध्यें ड्यूक विद्यापीठांतील मॅकॉर्ड व फ्रिडोविच यांनीं दाखविलें कीं, हें प्रथिन म्हणजे एक पहारेकरी आहे. सुपरऑक्साइड नांवाच्या मुक्त मूलकाचा निकाल लावणें हेंच त्याचें काम. चोर नसतील तर गांवांत चौकीदार कशाला नेमावा? प्राणवायु वापरणाऱ्या बहुतेक साऱ्या जीवांत हा चौकीदार सांपडला, तेव्हां चोरांविषयीं शंका उरली नाहीं.

हे चोर निपजतात कोठें, तें थोडक्यांत असें. प्रत्येक पेशींत तंतुकणिका या नांवाच्या सूक्ष्म भट्ट्या असतात. अन्नांतून निघालेले विद्युत्कण त्यांतील पायऱ्यांवरून एकेक करून खालीं उतरविले जातात, शेवटच्या पायरीवर प्राणवायु त्यांस झेलतो व त्याचें पाणी होतें. आणि या उतरंडींत जी शक्ति मिळते तिच्यावर पेशीचा संसार चालतो. परंतु वाटेंत कांहीं विद्युत्कण निसटतात आणि प्राणवायूशीं अर्धवट मिळून सुपरऑक्साइड तयार होतें. चौकीदार त्याचें पेरॉक्साइड करतो. दुसरे चौकीदार, त्यांत ग्लुटाथायोन हा मुख्य, त्या पेरॉक्साइडचें पाणी करून टाकतात. मात्र पेरॉक्साइड तसेंच राहिलें व जवळ मोकळें लोह असलें, तर फेंटनची ती जुनी क्रिया घडून हायड्रॉक्सिल नांवाचा अति उग्र कण जन्मास येतो. चोर वाढले किंवा चौकीदार थकले म्हणजे जो असमतोल होतो, त्यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे प्राणवायूचा ताण, असें म्हणतात.

मेंदूस हा ताण विशेष कां जाणवावा, याचीं कारणें सरळ आहेत. मेंदूचें वजन शरीराच्या शेंकडा दोन, परंतु विश्रांतीच्या वेळीं देखील शरीरास लागणाऱ्या प्राणवायूपैकीं सुमारें शेंकडा वीस भाग तो एकटाच खर्च करतो. त्याच्या घडणींत स्निग्ध द्रव्यें पुष्कळ, आणि तींहि लवकर खवट होणाऱ्या जातीचीं. कातडीच्या पेशी झडतात व नव्या येतात. मज्जापेशींच्या जागीं मात्र नव्या सहसा येत नाहींत, म्हणून झालेली इजा सांठत जाते. त्यांतहि कृष्णद्रव्याची स्थिति अधिक कठीण. डोपामिन स्वतःच प्राणिदीकरणास सोपें. पेशी तें मोडते तेव्हांहि पेरॉक्साइड निघतें. शेजारीं लोहाचा सांठा वयाबरोबर वाढत जातो. आणि या पेशींच्या तंतूंचा पसारा इतका अफाट असतो कीं एकेका पेशीस लक्षावधि जोडण्या सांभाळाव्या लागतात. भट्ट्या अहोरात्र पेटत्या ठेवल्यावांचून हा कारभार चालत नाहीं. कंपवातानें मृत झालेल्यांच्या कृष्णद्रव्यांत ग्लुटाथायोन कमी व लोह अधिक आढळतें. शिवाय भट्टीची जी पहिली पायरी, तीच दुबळी झालेली असते, असें लंडनच्या संशोधकांनीं १९८९ मध्यें दाखविलें.

परंतु घर जळून गेल्यावर राखेंत सांपडलेल्या वस्तूंवरून आग कशी लागली हें ठरविणें धोक्याचें असतें. पेशी मरूं लागल्या म्हणून ताण आला, कीं ताण आला म्हणून पेशी मेल्या? या प्रश्नास ज्या घटनेनें वळण दिलें, ती प्रयोगशाळेंत घडलीच नाहीं.

१९८२ च्या जुलै महिन्यांत कॅलिफोर्नियांतील सॅन होजे शहरीं एका मनुष्यास इस्पितळांत आणण्यांत आलें. तो बोलत नव्हता, हलत नव्हता. हात जसा ठेवावा तसा राही. प्रथम हा वेडाचा प्रकार समजला गेला. डॉक्टर विल्यम लँग्स्टन व त्यांचे सहकारी यांच्या ध्यानांत आलें कीं त्याचीं बोटें किंचित् हलत आहेत. त्यांनीं त्याच्या हातीं पेन्सिल दिली आणि तो अति मंदगतीनें लिहूं लागला. बुद्धि शाबूत होती; शरीर तेवढें थिजलें होतें. थोड्याच दिवसांत त्या भागांत अशींच आणखी तरुण माणसें आढळलीं. ऐन तारुण्यांत, एका आठवड्यांत, वृद्धांचा जीर्ण कंपवात त्यांच्या अंगीं आला होता. सर्वांत एकच गोष्ट समान: चोरून विकलें जाणारें एक कृत्रिम मादक द्रव्य त्यांनीं शिरेंतून टोंचून घेतलें होतें. पेथिडीनच्या जातीचें औषध बनवितांना बेकायदा रसायन करणाराकडून घाईंत चूक झाली आणि एम. पी. टी. पी. नांवाचा भलताच पदार्थ त्यांत उतरला. हा वृत्तान्त १९८३ मध्यें 'सायन्स' या नियतकालिकांत छापून आला.

त्या पदार्थाचा मेंदूंतील प्रवास पुढें उलगडला, तो एखाद्या कटाच्या हकीकतीसारखा आहे. एम. पी. टी. पी. हें स्वतः पेशीस मारीत नाहीं. मेंदूंतील मदतनीस पेशींमध्यें जो एक पाचक रस असतो, ज्याचें नेहमींचें काम डोपामिनसारखे पदार्थ मोडणें हें आहे, तोच त्याचें विषांत रूपांतर करतो. हें विष मग डोपामिनच्या खास दारानें, जणूं त्याचाच पोषाख घालून, कृष्णद्रव्याच्या पेशींत शिरतें. इतर पेशींस तें दार नाहीं म्हणून त्या वांचतात. आंत गेल्यावर तें तंतुकणिकांत सांठतें व भट्टीची पहिली पायरी अडवून धरतें. शक्ति तुटते, विद्युत्कण सांडतात, उनाड कण माजतात आणि पेशी मरते. हें विष पॅराक्वाट या तणनाशकाचें रसायनदृष्ट्या जवळचें नातलग निघालें. मासे गुंगविण्यासाठीं कित्येक देशांतील कोळी ज्या मुळ्यांचा रस पाण्यांत टाकीत, त्यांतील रोटेनोन हें द्रव्यहि तीच पायरी अडवितें; उंदरांस तें दीर्घकाळ दिलें असतां कंपवातासारखी विकृति होते, असें २००० मध्यें अमेरिकेंत दिसून आलें. प्राणवायूचा ताण ही केवळ राख नसून ठिणगीहि असूं शकते, असें मानण्यास येथून बळ आलें.

आनुवंशिक कंपवाताच्या अभ्यासानेंहि याच दिशेस बोट दाखविलें. तरुणपणीं हा रोग होणाऱ्या जपानी कुटुंबांत पार्किन नांवाचें जनुक बिघडलेलें १९९८ मध्यें सांपडलें, आणि २००४ मध्यें पिंक-१ हें दुसरें. नादुरुस्त झालेल्या तंतुकणिका वेळींच हुडकून त्यांची विल्हेवाट लावणें हें या जोडीचें काम. तें थांबलें कीं धूर ओकणाऱ्या भट्ट्या पेशींतच पडून राहतात. येथें एक सांगणें अवश्य आहे. ज्या जनुकाचा दोष १९९७ मध्यें सर्वांआधीं सांपडला तो आल्फा-सिन्यूक्लीन नांवाच्या प्रथिनाचा आहे, आणि तें प्रथिन घड्या विसकटून गोळा होणें ही या रोगांतील स्वतंत्र व मोठी गोष्ट आहे. ताणामुळें गोळे वाढतात आणि गोळ्यांमुळें ताण वाढतो. सर्व दोष प्राणवायूच्या माथीं मारणें जितकें सोपें तितकेंच तें अपुरें होय.

इतकें कळल्यावर उपाय उघडच दिसत होता. प्राणवायूचा मारा थोपविणारीं द्रव्यें रोग्यास द्यावीं, म्हणजे रोग थांबेल. जाहिरातींतून 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द घरोघर पोंचला तो याच तर्काच्या पाठीवर बसून. तर्क सुंदर होता. तो कसोटीस लावण्याचें श्रेय डॉक्टरांस दिलें पाहिजे, कारण त्यांनीं तो लहानसहान रीतीनें लावला नाहीं.

अमेरिका व कॅनडा येथें १९८७ मध्यें ८०० रोगी घेऊन एक प्रयोग सुरू झाला. कित्येकांस दररोज २००० एकक 'ई' जीवनसत्त्व, कित्येकांस डेप्रेनिल नांवाचें औषध, कित्येकांस दोन्ही आणि कित्येकांस नुसत्या पोकळ गोळ्या. कोणास काय मिळालें हें रोग्यासहि ठाऊक नाहीं व तपासणाऱ्यासहि नाहीं. १९९३ मध्यें निकाल लागला: 'ई' जीवनसत्त्वानें रोगाच्या चालींत कसलाहि फरक पडला नाहीं. त्यानंतर तंतुकणिकांस हातभार लावणारें को-एन्झाइम क्यू-टेन ६०० रोग्यांवर अजमावलें गेलें. गुण येण्याची आशा नाहीं असें दिसून येतांच २०११ मध्यें तो प्रयोग थांबवावा लागला. ज्यांच्या रक्तांत यूरिक आम्ल अधिक त्यांस कंपवात कमी होतो, असें दिसल्यावरून आणि तें आम्ल हा शरीराचा एक चौकीदारच आहे म्हणून, तें मुद्दाम वाढविणारें इनोसिन २९८ रोग्यांस देण्यांत आलें. आम्ल वाढलें, रोग हटला नाहीं. त्याचा निकाल २०२१ मध्यें छापला आहे.

परंतु सर्वांत विचार करावयास लावणारी हकीकत लोहाची आहे. कृष्णद्रव्यांत लोह अधिक सांठतें, लोहानें फेंटनची क्रिया घडते, तेव्हां लोह काढून घ्यावें, यापरता स्वच्छ युक्तिवाद कोणता? डेफेरिप्रोन नांवाचें लोह ओढून घेणारें औषध ३७२ नव्या रोग्यांच्या प्रयोगांत छत्तीस आठवडे योजलें गेलें. मेंदूच्या चित्रांत लोह खरोखर कमी झालेलें दिसलें. आणि ज्यांस औषध मिळालें त्यांची प्रकृति, पोकळ गोळ्या घेणाऱ्यांपेक्षां, अधिक बिघडली. हा वृत्तान्त २०२२ मध्यें प्रसिद्ध झाला. ज्या लोहास चोरांचा साथीदार ठरविलें होतें, त्याच्यावांचून शरीरास डोपामिन बनवितांच येत नाहीं, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत पूर्वीपासून लिहिलेली आहे.

हीं औषधें कां फसलीं याचीं कांहीं कारणें आतां समजतात. हायड्रॉक्सिल कण जन्मतो तेथेंच, निमिषाच्या अत्यल्प अंशांत, शेजारच्या रेणूवर झडप घालतो. पोटांत घेतलेलें जीवनसत्त्व नेमकें त्याच जागीं व त्याच क्षणीं हजर असण्याचा संभव फार थोडा. निम्म्या पेशी गेल्यावर उपाय सुरू होतो, हें दुसरें कारण. तिसरें अधिक सूक्ष्म आहे. हे कण केवळ चोर नव्हेत. अल्प प्रमाणांत ते निरोप्याचें काम करतात. व्यायाम करतांना ते वाढतात आणि त्या इशाऱ्यावरून शरीर आपले चौकीदार बळकट करतें. २००९ मध्यें जर्मनींत असें आढळलें कीं, व्यायामाबरोबर 'क' व 'ई' जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा घेतल्या असतां, साखर पचविण्याच्या बाबतींत व्यायामानें होणारा फायदा नाहींसा होतो. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील प्रयोगांत तर बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांस फुप्फुसाचा कर्करोग शेंकडा १८ नें अधिक झाला. हें १९९४ मध्यें जाहीर झालें. गाजर खाणें निराळें आणि त्यांतील एक सत्त्व काढून त्याच्या गोळ्या वर्षानुवर्षें गिळणें निराळें.

इतर मज्जारोगांत हाच धडा निरनिराळ्या रूपानें दिसतो. हातापायांचे स्नायु झिजवून टाकणारा ए. एल. एस. नांवाचा जो भयंकर रोग आहे, त्याच्या कांहीं कुळांत १९९३ मध्यें दोष सांपडला तो थेट मॅकॉर्ड व फ्रिडोविच यांच्या त्या निळसर चौकीदारांतच. केवढा आनंद झाला असेल! पण पुढें दिसलें कीं, हा चौकीदार मुळींच नसलेल्या उंदरांस तो रोग होत नाहीं. रोग होतो तो बिघडलेल्या चौकीदाराच्या विपरीत घड्यांमुळें. २०२३ मध्यें अमेरिकेंत मान्य झालेलें टोफर्सेन हें औषध त्या कुळांसाठीं असून तें चौकीदाराची संख्या वाढवीत नाहीं, उलट कमी करतें. स्मृतिभ्रंशाच्या, म्हणजे आल्झायमरच्या, रोगांत मात्र 'ई' जीवनसत्त्वास अगदींच अपयश आलें नाहीं. ६१३ अमेरिकन माजी सैनिकांवरील प्रयोगांत, नेसणें, जेवणें अशा नित्य व्यवहारांतील घसरण त्यानें कांहीं महिने लांबविली, असें २०१४ मध्यें आढळलें. स्मरणशक्ति मात्र सुधारली नाहीं. आणि विस्मृतीची नुसती सुरुवात असलेल्यांस त्याचा उपयोग होत नाहीं, हें २००५ मध्येंच दिसलें होतें.

या सर्व विचाराची एक कडू फळी घरोघर पोंचली आहे, तिच्याविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. कंपवातावर आजहि मुख्य औषध लेव्होडोपा हेंच आहे. डोपामिनला मेंदूंत प्रवेश नाहीं, पण लेव्होडोपाला आहे. आंत गेल्यावर त्याचें डोपामिन होतें. १९६१ मध्यें व्हिएन्ना येथें तें प्रथम टोंचून पाहिलें गेलें, आणि १९६७ मध्यें अमेरिकेंत कोट्झियास यांनीं पोटांतून मोठ्या मात्रा देऊन खिळलेल्या रोग्यांस चालतें केलें. परंतु कांचपात्रांतील पेशींवर लेव्होडोपा ओतलें असतां त्याचें प्राणिदीकरण होऊन पेशी मरतात, असें दिसल्यामुळें भीति पसरली कीं, हें औषध रोग्याच्या उरल्यासुरल्या पेशीहि जाळील. तेव्हांपासून "जितकें उशिरां सुरू करतां येईल तितकें बरें" असें ऐकावयास मिळतें. आणि जिला अंथरुणांत कूस बदलतां येत नाहीं अशी वृद्धा औषधाच्या भीतीनें दोन-दोन वर्षें तशीच काढते. या शंकेचा निवाडा झालेला आहे. ३६१ रोग्यांचा एक प्रयोग २००४ मध्यें प्रसिद्ध झाला. चाळीस आठवडे औषध देऊन दोन आठवडे तें बंद ठेवलें, तरीहि औषध घेतलेलेच अधिक बरे होते. पुढें नेदर्लंड्स येथें ४४५ रोग्यांपैकीं निम्म्यांस औषध लगेच व निम्म्यांस चाळीस आठवड्यांनीं सुरू करण्यांत आलें. ऐंशी आठवड्यांअखेर दोहोंच्या स्थितींत फरक आढळला नाहीं. तो निकाल २०१९ चा आहे. म्हणजे औषध लवकर घेतल्यानें रोग थांबत नाहीं हें खरें, पण तें लवकर घेतल्यानें रोग बळावतो हें खरें नाहीं; मधले चाळीस आठवडे मात्र एका गटानें विनाकारण कष्टांत घालविले. मोठ्या मात्रेनें पुढें अंग वेडेंवांकडें हलूं लागतें हा दोष औषधास आहेच, आणि मात्रा ठरविणें हें डॉक्टरचें काम त्यासाठींच आहे. गोळी भरल्या पोटीं, विशेषतः डाळ, दूध, अंडीं यांबरोबर घेतली तर प्रथिनांच्या गर्दींत तिला वाट मिळत नाहीं; म्हणून ती जेवणाआधीं निदान अर्धा तास घेण्यास सांगतात.

व्यायामाविषयीं २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेला एक प्रयोग येथें सांगण्याजोगा आहे. ज्यांनीं अद्याप औषध सुरू केलें नव्हतें अशा १२८ रोग्यांपैकीं जे सहा महिने आठवड्यांतून तीनदां, नाडी चांगली जलद होईपर्यंत, फिरत्या पट्ट्यावर भरभर चालले, त्यांचीं लक्षणें जवळजवळ होतीं तेथेंच राहिलीं. न चालणाऱ्यांचीं वाढलीं. तेव्हां प्राणवायु कमी वापरणें हा कांहीं मेंदूचा बचाव नव्हे.

राहतां राहिली खाजकुयली. कोंकणांत कुंपणावर चढणारी, शेंगेच्या कुसांनीं अंगास खाज सोडणारी ही वेल. संस्कृतांत तिला कपिकच्छु म्हणतात, आणि तिचें बीं आयुर्वेदांत वातविकारांवर योजतात. मद्रास येथील दामोदरन् व रामस्वामी या दोघांनीं १९३७ मध्यें त्याच बियांतून लेव्होडोपा वेगळें काढून दाखविलें. म्हणजे कोट्झियास यांच्या तीस वर्षें आधीं. बियांत तें खरोखरच शेंकडा कांहीं भाग असतें, आणि नीट मोजून दिलेली पूड रोग्यांस गोळीप्रमाणेंच लागू पडते, असें अलीकडच्या छोट्या प्रयोगांत दिसलें आहे. मात्र दुकानांत मिळणाऱ्या पुडींत किती द्रव्य आहे तें बियांच्या जातीवर, जमिनीवर व सांठवणीवर अवलंबून असतें. हें द्रव्य मेंदूबाहेर वायां जाऊं नये म्हणून गोळींत जें जोड औषध घातलेलें असतें, तें पुडींत नसतें. त्यामुळें मळमळ अधिक होते. आणि डॉक्टरची गोळी चालू असतांना त्यांस न कळवितां ही पूड दुधांतून घेतली, तर झाडपाल्याचें निरुपद्रवी औषध म्हणून पोटांत जाते ती त्याच लेव्होडोपाची दुसरी मात्रा, आणि रात्रीं रोग्यास भास होऊं लागले म्हणजे घरच्यांस त्याचें कारण सांपडत नाहीं.